सर्फ वाजवायला समुद्र नाही, जाड तारा लागतात

वरोऱ्याकडच्या एका पोराने विचारलंय की घराच्या माळ्यावर मोठ्या बाबांची जुनी इलेक्ट्रिक गिटार सापडली, दोन पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणाऱ्या कॉइली) आहेत, वरच्या बाजूला स्विचांची रांग आहे, हेडवर कंपनीचं नाव नाही, तारा गंजून गेल्यात आणि एकच पिकअप वाजतो तोही खरखर करत. मोठे बाबा कोळसा खाणीत नोकरीला होते, कॉलनीच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आता ते नाहीत. आणि या पोट्ट्याला डिक डेल, व्हेंचर्स, शॅडोज असल्या गाण्याविना नुसत्या गिटारच्या संगीताचं वेड लागलंय. त्याचं म्हणणं, काका, ही दुरुस्त करू की विकून नवीन घेऊ, तो पाण्यासारखा हलणारा आवाज नेमका कशातून येतो, आणि आपल्या भागात, जिथून कोणत्याही दिशेने निघालं तरी समुद्र रात्रभराच्या प्रवासावर आहे, तिथे सर्फ म्युझिक, म्हणजे कॅलिफोर्नियात समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या पोरांचं साठच्या दशकातलं हे गिटारचं संगीत, वाजवणं येडेपणा आहे का.

मी ऐंशीच्या दशकापासून यवतमाळ जिल्ह्यात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत आलो, आणि दारव्ह्याला रेडिओ, टेप, ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळे उत्तर लांब होणार, चहा घेऊन बस.

आधी गिटार. विकू नको, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पॉलिश पेपर घेऊन तिच्या मागे लागू नको. आपल्याकडे जुनी वस्तू सापडली की पहिला माणूस जातो फर्निचरवाल्याकडे, "याले जरा नवं करून दे" म्हणतो, तो टचवूड मारून देतो, आणि झालं, साठ वर्षांचा मूळ रंग गेला तो गेला. धूळ पुसायची ती किंचित ओल्या मऊ फडक्याने, मग कोरड्या. बस.

वर्णनावरून मला ती साठच्या दशकातली जपानी गिटार वाटते. नेक, म्हणजे ज्यावर बोटांनी तारा दाबतो तो दांडा, जिथे बॉडीला चार स्क्रूने कसलेली असते तिथली मागची पत्र्याची प्लेट बघ, त्यावर "स्टील रीइन्फोर्स्ड नेक" आणि "जपान" असं ठोकलेलं असेल तर शंका मिटली. टीस्को, ग्युयाटोन अशा कंपन्या तेव्हा अमेरिकेतल्या मोठमोठ्या दुकानांसाठी वेगवेगळ्या नावांनी, कधी बिननावाच्या, ढिगाने गिटारी बनवायच्या. टीस्को १९६७ मध्ये कावाईने विकत घेतली. जपानात १९६५ च्या आसपास व्हेंचर्सच्या दौऱ्यांनी असं वेड लावलं की त्याला इलेकी बूम म्हणायचे, घरोघरची पोरं गिटार घेऊन बसली, कारखाने दिवसरात्र चालले. म्हणजे तुझ्या माळ्यावरची गिटार ज्या लाटेत तयार झाली ती लाट याच संगीताची होती. आपल्याकडे त्या काळात आयातीवर बंधनं होती, असा माल परदेशातून येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून यायचा आणि हातोहात फिरायचा. त्यामुळे ती खाण कॉलनीपर्यंत कशी पोचली हे शोधत बसण्यापेक्षा मोठ्या बाबांच्या ऑर्केस्ट्रातलं कोणी म्हातारं माणूस हयात असेल तर त्याला जाऊन भेट. आणि प्लेटवर जपान नसेल, तर ती कलकत्त्याची असू शकते, तिथे लालबाजार आणि रवींद्र सरणीच्या बाजूला वाद्यं बनवणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. तशी असली तरी ठेवण्यासारखीच.

पिकअपवर सोनेरी चमकीचा पत्रा किंवा जाळी दिसते का बघ. त्याला गोल्ड फॉइल म्हणतात, आणि एकेकाळी कचऱ्याच्या भावात जाणारे हे पिकअप आता लोक शोधत फिरतात, राय कूडरसारख्या मोठ्या वादकाने आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये टीस्कोचा पिकअप बसवून घेतला तेव्हापासून तर जास्तच. म्हणून कोणी "हे काढून नवीन हंबकर टाकून देतो, जुने मला दे" (हंबकर म्हणजे दोन कॉइलचा पिकअप) असं गोड बोलला तर त्याला नमस्कार कर आणि गिटार उचलून घरी ये.

बंद पिकअप मेलेलाच आहे असं समजू नको. आधी स्विच आणि व्हॉल्यूमवर काँटॅक्ट क्लीनर मार, जरासाच, आणि प्रत्येक स्विच, प्रत्येक नॉब भरपूर वेळा इकडून तिकडे फिरव. निम्मी खरखर इथेच जाते. तरी आवाज नाही आला तर पिकअपची वायर स्विचपासून सोडव, मल्टिमीटर ओहमवर ठेव, दोन्ही टोकांना लाव. चार-पाच हजारांपासून आठ-दहा हजार ओहमपर्यंत काही आकडा आला तर कॉइल जिवंत आहे, भानगड पुढच्या सोल्डरमध्ये आहे. आकडाच आला नाही तर तार तुटली, आणि ती शंभरात सत्तर वेळा कॉइलच्या अगदी बाहेरच्या टोकाला, जिथे बारीक तार जाड वायरला जोडलेली असते तिथेच तुटलेली असते, घाम आणि सोल्डरच्या आम्लाने हिरवी पडून. घड्याळवाल्याचा लेन्स डोळ्याला लावायचा, एक वेढा टोकाने सोडवायचा, त्यावरचं इनॅमल खरवडायचं नाही, गरम सोल्डरच्या थेंबात बुडवून जाळायचं, आणि जोडायचं. हात थरथरत असेल तर हे काम करूच नको, त्या तारेवर नुसता श्वास जोरात पडला तरी ती हलते.

आणि खरंच आतून तुटली असेल तर रिवाइंडिंग. आपल्याकडे गावोगाव मोटर वाइंडिंगवाले आहेत, विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी तिथेच जातो, पण त्यांच्याकडे असलेली तार आपल्या कामाची नाही. गिटारच्या पिकअपला अमेरिकन मापात ४२ गेजची तार लागते, आणि आपले दुकानदार बहुतेक ब्रिटिश एसडब्ल्यूजी मापात बोलतात, तिथे ४२ मागितली तर जाड तार हातात पडते. ४६ एसडब्ल्यूजी माग, ती साधारण ०.०६ मिलिमीटर, म्हणजे पाहिजे तीच. नागपूरला इतवारीत चौकशी कर, नाहीतर मागव. अमेरिकेच्या फेंडर कंपनीच्या सुरुवातीच्या स्ट्रॅटोकास्टर पिकअपवर आठ हजारांच्या वर वेढे असायचे, तुझ्या जपानीचे किती हे जुनी कॉइल सोडवताना मोजायचे म्हणजे मूळ आवाज राहतो. आमच्या इथल्या एका वाइंडिंगवाल्याने शिलाई मशीनच्या बॉबीन भरायच्या चाकावर, सायकलचं मीटर जोडून, असा एक पिकअप गुंडाळून दिला होता, तार दोन बोटांमध्ये इतकी हलकी धरून की तिथे काही आहे हे दिसतच नव्हतं. पंपाची मोटर भरणारा तो माणूस, मी त्याला चहाचे पैसे देत होतो तं म्हणे "कायले, हे तं घड्याळाचं काम हाय, मजा आली".

आता नेक. इथे आपल्या हवेबद्दल बोललं पाहिजे कारण बाहेरच्या पुस्तकात हे सापडत नाही. लाकडाच्या गिटारला हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. चंद्रपूर-वरोऱ्याकडे मे महिन्यात पारा ४५-४७ ला जातो, हवा इतकी कोरडी की ओला टॉवेल बघता बघता वाळतो, आणि जून संपता संपता तीच हवा पिळून काढावी अशी ओली. लाकूड आकसतं, फुगतं, परत आकसतं. उन्हाळ्यात नेकच्या कडेवरून बोट फिरव, फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं करवतीसारखी टोचतील. फ्रेट वाढलेले नसतात, लाकूड आकसलेलं असतं. तेव्हाच कानस मारून टोकं घासली तर पावसाळ्यात फ्रेट आखूड दिसतात, म्हणून घाई करायची नाही, पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, लाकूड ठिकाणावर आल्यावर काम करायचं. गिटार कूलरसमोर ठेवायची नाही, हे मी हात जोडून सांगतो. कूलरच्या झोतात एका बाजूने ओली हवा आणि दुसऱ्या बाजूने तापलेली भिंत. जाड केसमध्ये, कूलरच्या खोलीत पण झोताबाहेर, आणि केसमध्ये भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळलेला ओला स्पंज. आठवड्यातून एकदा ओला करायचा. पावसाळ्यात तोच स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या. आणि केस जमिनीवर टेकवायची नाही, वाळवी विंटेज बघत नाही. जुन्या गिटारींचे सेल्युलॉइडचे पिकगार्ड तर असेही आकसतात, स्क्रूपाशी तडकतात, फेंडरच्याही त्या काळातल्या पिकगार्डचं तेच झालंय, त्यामुळे तडा दिसला म्हणून स्क्रू कसून आवळू नको.

बरं, आता ज्यासाठी तू विचारलंस ते.

सर्फचा आवाज चार गोष्टींचा बनतो, उजवा हात, जाड तारा, स्प्रिंगचा रिव्हर्ब (आवाज घुमवायची सोय) आणि न फाटणारा स्वच्छ ॲम्प. हा क्रम मी मुद्दाम लावलाय. विंटेज गिटार या यादीत नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. मी स्वतः जुन्या गिटारींच्या प्रेमात आयुष्य घालवलंय, सगळे पैसे त्यातच गेले असं घरी बोललं जातं, तरी सांगतो, जुनी गिटार म्हणजे प्रेमाचा मामला, आवाजाची अट नाही.

कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाचा माणूस होता, मूळचा रेडिओ दुरुस्तीवाला. स्वतः गिटार वाजवायचा नाही. मला तो माणूस म्हणूनच जवळचा वाटतो, आपल्या धंद्यातला. त्याने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर काढली, १९५८ मध्ये जॅझमास्टर, १९६२ मध्ये जॅग्वार. जॅझमास्टर नावाप्रमाणे जॅझवाल्यांसाठी होती, पण ते काही तिच्याकडे वळले नाहीत, उचलली ती समुद्रकाठच्या पोट्ट्यांनी. डिक डेल त्यातलाच, मूळ नाव रिचर्ड मन्सूर, १९३७ मध्ये बोस्टनला जन्म, वडिलांकडून लेबनॉनचा. डावखुरा, आणि गिटार तारा न बदलता उलटी धरायचा, म्हणजे जाड तार खाली. काकांकडून ऊद हे अरबी तंतुवाद्य आणि तारबुकी हा अरबी ढोल कानावर पडलेला, तो अरबी ठेका त्याच्या उजव्या, म्हणजे त्याच्या डाव्या, हातात उतरला. १९६१ च्या उन्हाळ्यात बाल्बोआच्या राँदेव्हू बॉलरूममध्ये तीन-चार हजार पोरं नाचायची आणि हा त्यांच्यासमोर ॲम्प जाळायचा, खरोखर जाळायचा, लिओने एकामागून एक ॲम्प दिले आणि डेलने ते फुंकले, शेवटी १५ इंची जेबीएल स्पीकर आणि मोठा आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालून शोमन ॲम्प तयार झाला तेव्हा कुठे ते टिकलं. त्याच्या तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजली तर सोळापासून साठपर्यंत. आजची पोरं नऊचा किंवा दहाचा सेट लावतात, त्यात जाड तार ४२-४६ ची असते. साठची तार म्हणजे दोरखंड.

आणि रिव्हर्ब? लोकांना वाटतं सर्फ म्हणजे रिव्हर्ब. पण फेंडरचा वेगळा रिव्हर्बचा डबा १९६१ मध्ये आला, डेलने सर्फचा पहिला गाजलेला तुकडा वाजवला तो त्या डब्याशिवायच, आणि डेल स्वतः सांगायचा की त्याला तो डबा मुळात गाण्याच्या आवाजासाठी हवा होता. नंतर गिटार त्यात घातली आणि मग सगळ्यांनीच घातली. १९६३ चं पाइपलाइन ऐक, शाळकरी पोरांनी केलेलं, तिथे तो ओलेपणा कसा असतो ते कळेल. डब्यात एक पत्र्याची पेटी, तीत लांब स्प्रिंगा ताणलेल्या, एका टोकाला बारीक कॉइल स्प्रिंग हलवते, दुसऱ्या टोकाला दुसरी कॉइल ती हालचाल पकडते, आणि लाट स्प्रिंगमध्ये येरझारा मारते. कल्पना हॅमंड ऑर्गनवाल्यांची. तळहाताने तार दाबून टक्क वाजवलं की स्प्रिंग "टपक" असा आवाज करते, नळाच्या थेंबासारखा, तो या संगीताचा जीव. वेगळ्या डब्यात तो जास्त येतो कारण डबा गिटार आणि ॲम्पच्या मध्ये बसतो, आणि स्प्रिंग किती जोरात हलवायची याची ड्वेल नावाची वेगळी नॉब असते. ॲम्पमधल्या रिव्हर्बला बहुतेक ती नसते.

तुला पहिल्याच दिवशी तो डबा घ्यायची गरज नाही. स्प्रिंग मोड असलेला साधा डिजिटल पेडल घे, सेकंडहँड चालेल, ॲम्पच्या आधी लाव, ट्रेबल थोडा चढव, डिस्टॉर्शन शून्य. डिस्टॉर्शन लावून सर्फ वाजवणारे भेटतील तुला, वाजवू दे त्यांना.

उजव्या हाताबद्दल मात्र सवलत नाही. एकाच तारेवर वर-खाली, वर-खाली, मनगटातून, कोपर हलता कामा नये, तळहाताची कड ब्रिजवर (बॉडीवर तारा टेकतात तो आधार) हलकी टेकलेली. आधी हळू, मेट्रोनोम ऐंशीवर, एका ठोक्याला चार. वेग वाढवताना प्लेक्ट्रम जास्त आत जात असेल तर थांब, टोक जेमतेम तारेला लागलं पाहिजे. आता हे शिकायला कॅलिफोर्नियाला जायचं काम नाही, तुझ्या तालुक्यात लग्नात बेंजो पार्टी येते ना, तिच्यातला बेंजोवाला बघ. बुलबुलतरंगाला पिकअप लावलेला, इको चढवलेला, आणि हात नुसता भिरभिरतोय, गाण्याची चाल शब्दांशिवाय, मागे ताशा नाहीतर ऑक्टोपॅड. मला तर यात आणि सर्फमध्ये लांबचं नातंच दिसतं. ते वाद्यही मूळचं जपानी, नागोयात १९१२ मध्ये निघालेलं ताइशोगोतो, आपल्याकडे आलं आणि वरातीत रुळलं. नागपूरच्या धुमालवाल्यांमागे चालत गेलो तर मी अजूनही बेंजोवाल्याचं मनगट बघत असतो, नवरदेव कोण हे मला नंतर कळतं.

आणि दुसरी गोष्ट, मिसिर्लू. डेलने १९६२ मध्ये वाजवलेलं, १९९४ मध्ये पल्प फिक्शनमुळे जगभर परत गाजलेलं. ती डेलची रचना नाही, पूर्व भूमध्य समुद्राकडची जुनी लोकधून आहे, ग्रीकांनी १९२७ मध्ये रेकॉर्ड केलेली सापडते. आता गिटारची सगळ्यात जाड तार घे आणि एकट्या तिच्यावर हे वाजव, मोकळी तार, मग पहिला, चौथा, पाचवा, सातवा, आठवा, अकरावा, बारावा फ्रेट. मोकळ्या तारेला सा मान. सा, कोमल रे, ग, म, प, कोमल ध, नी, सा. भैरवाचे सूर. आमच्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला मी हे वाजवून दाखवलं होतं, काही न सांगता, तो पान थुंकून म्हणे "अबे हा तं काकड्याचा भैरव हाय, इतका पळवून कायले राहिला?" राग म्हणून तो भैरव नाही, रे-धावरचं आंदोलन नाही, ठहराव नाही, नुसते सूर तेच. पण तुझ्या कानाला ते सूर लहानपणापासून ओळखीचे आहेत, अमेरिकेतल्या पोराला ते परके वाटतात, हा तुझा फायदा आहे, तो घे. मी शिकवतो तेव्हा मिसिर्लूच्या आधी हीच सुरावट हळू, गात गात वाजवायला लावतो.

डेल तुला झेपेपर्यंत शॅडोज वाजव. इंग्लंडची मंडळी, त्यांचा गिटारवाला हँक मार्विन याच्याकडे १९५९ मध्ये आलेली लाल स्ट्रॅटोकास्टर, १९६० मध्ये अपाची नंबर एकवर. ते सर्फवाले नाहीत, त्यांच्याकडे स्प्रिंगऐवजी टेपचा इको, पण एक सूर नीट उच्चारून, व्हायब्रेटोच्या दांड्याने जरासा हलवून सोडायचा हे त्यांच्याकडून शिकावं. व्हेंचर्सही तसेच, टॅकोमाचे, १९६० चं वॉक डोन्ट रन मूळ जॉनी स्मिथ या जॅझवाल्याचं, ते त्यांनी इतकं सोपं करून टाकलं की जगातल्या निम्म्या पोरांनी त्यावर हात बसवला. आपल्याकडे व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी सिनेमाच्या चाली इलेक्ट्रिक गिटारवर वाजवून रेकॉर्डी काढल्या, आणि रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधली जागा भरायला असलं नुसतं वाद्यसंगीत लागायचं, मोठ्या बाबांच्या पिढीचे कान त्यावरच तयार झाले. खरं सांगू, मला आजही डेलपेक्षा मार्विन जवळचा. डेल ऐकून अंगात येतं, मार्विन ऐकून गिटार हातात घ्यावीशी वाटते.

तारा किती जाड? तुझ्या जपानी नेकमध्ये ॲडजस्ट होणारा ट्रस रॉड (नेकचा वाक कमी-जास्त करायची आतली सळई) बहुतेक नसेल, नुसती लोखंडी पट्टी असेल. म्हणून तिच्यावर एकदम बाराचा सेट चढवू नको. अकराचा फ्लॅटवाउंड (वरून सपाट पट्टीने गुंडाळलेल्या तारांचा) सेट लाव, सुरात आण, दोन-तीन दिवस ठेव, आणि पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून मध्ये किती फट पडते बघ. पोस्टकार्ड जाईल इतकी असेल तर ठीक. वाढत चालली तर तारा सैल कर आणि दहावर ये. ब्रिजही सरकणारा असेल, बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळेपर्यंत ब्रिज पुढेमागे कर. पुढे कधी नवी जॅझमास्टर किंवा जॅग्वार घेतलीस तर उलटं, तिथे बारीक तारा लावल्या की त्या ब्रिजच्या खाचेतून उड्या मारतात, लोक गिटारला शिव्या घालतात, पण ती बनली होती जाड तारांसाठीच. जॅग्वारवर तारेची वाजती लांबी २४ इंच, स्ट्रॅट-जॅझमास्टरची साडेपंचवीस, म्हणून तिच्यावर अकरा-बारा आरामात बसतात. फेंडरच्याच स्वस्त ब्रँडच्या, स्क्वायरच्या, चांगल्या निघतात. १९६५ च्या आधीच्या फेंडरच्या मागे मात्र लागू नको, त्या साली लिओने कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली आणि त्यानंतर "सीबीएसच्या आधीची" हा शिक्का म्हणजे लाखोंचा खेळ झाला. त्यात नकली माल किती, जोडतोड किती, नेक एका सालची, बॉडी दुसऱ्या सालची. फोटोवरून अशी गिटार घेणं म्हणजे कापूस न बघता सौदा करणं.

ॲम्पचं बोलताना मी जरा कडक होतो. तू लिहिलंस की घरात जुना वॉल्व्हचा रेडिओ पण आहे, त्याचा ॲम्प करता येईल का. येतो. आपल्याकडच्या सेटमध्ये ईएल८४ सारखे वॉल्व्ह असायचे, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही रेडिओचे वॉल्व्ह बनायचे, आणि मागे ग्रामोफोनसाठी पिकअपचं सॉकेट असतं, त्यात बूस्टर लावून गिटार घातली तर गोड, दबका आवाज येतो. पण आधी वॉल्व्हचे नंबर वाच. यूसीएच, यूएल, यूवाय असे यू ने सुरू होणारे नंबर असतील तर तो ट्रान्सफॉर्मर नसलेला एसी-डीसी सेट आहे, त्याची चासिस (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन लाइनला लागलेली असू शकते, आणि गिटारच्या तारा चासिसला जोडलेल्या असतात, म्हणजे तुझे हात २३० व्होल्टला. असा सेट नुसता रेडिओ म्हणून ऐक. ई ने सुरू होणारे असतील आणि आत मोठा ट्रान्सफॉर्मर दिसत असेल तर पुढे विचार करू, तोही जाणकाराच्या हाताने, कारण बंद केल्यावरसुद्धा कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात.

गावात अर्थिंगचा बोजवारा असतो हे तुला सांगायला नको. मंडपात गिटारवाल्याचा ओठ माइकला लागला आणि झटका बसला हे प्रत्येक ऑर्केस्ट्रात घडलेलं आहे, ॲम्प एका बोर्डवर, मिक्सर दुसऱ्या, मध्ये जनरेटर तिसऱ्याचाच. म्हणून ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डवरून घ्यायचे, आणि वाजवायच्या आधी मल्टिमीटर एसीवर ठेवून एक काडी गिटारच्या तारेला, दुसरी माइकच्या जाळीला लावून बघायची. आकडा चढला की डेकोरेशनवाल्याला हाक मारायची, तो "काही होत नाही" म्हणेल, मग त्याला म्हण, तू धर माइक. आणि हम, म्हणजे सतत घूंऽऽ असा आवाज, येतो म्हणून प्लगची अर्थची पिन कापणाऱ्या माणसाला दुकानात पाय ठेवू देऊ नको. थोडा हम तर सिंगल कॉइल पिकअपला येणारच, ट्यूबलाइट आणि कूलरच्या मोटरपासून लांब, जरा तिरका उभा राहिलास की कमी होतो.

राहिला येडेपणाचा प्रश्न. सर्फ काळात गाजलेले ॲस्ट्रोनॉट्स कोलोराडोतल्या बोल्डरचे, डोंगराच्या पायथ्याचे. ट्रॅशमेन मिनियापोलिसचे, जिथून समुद्र आपल्यापेक्षाही लांब. त्यांना कोणी विचारलं नाही. १९६४ मध्ये बीटल्स आले आणि अमेरिकेत सर्फची लाट ओसरली, तरी जगात कुठे ना कुठे ते वाजतच राहिलं. तुला फक्त ढोलकी-ऑक्टोपॅडवाला एक मित्र पाहिजे, ज्याला स्नेअरवर दुसऱ्या ठोक्याला दोनदा आणि चौथ्याला एकदा मारायचं सांगितलं की कळतं, आणि एक बेसवाला. गणपतीत, शारदेत ऑर्केस्ट्रा सुरू होण्याआधी माइक टेस्टिंग चालू असतं, लोक खुर्च्या ओढत असतात, तेव्हा दहा मिनिटं माग आयोजकांकडून. कोणी नाही म्हणत नाही, त्यांनाही लोक बसवायचेच असतात. पहिली धून लोकांच्या ओळखीच्या जुन्या हिंदी गाण्याची, सर्फच्या हाताने. मग अपाची. मिसिर्लू तिसरं. आमच्याकडे त्यावर म्हातारे माना डोलावतात आणि पोट्टे नाचतात, आणि कोणीतरी येऊन विचारतंच की हे कोणत्या पिक्चरचं.

आता तू काय करायचं ते. तारा सगळ्या एकदम कापू नको, जुन्या नेकचा ताण एका झटक्यात सोडायचा नाही, एकेक करून सैल कर. मागच्या प्लेटचा, पिकअपचा आणि हेडच्या मागच्या बाजूचा फोटो काढ. दोन्ही पिकअपचं मल्टिमीटरचं रीडिंग लिहून ठेव. पिकगार्डखालच्या वायरिंगला हात लावण्याआधी त्याचाही फोटो काढ, वायरचे रंग दिसतील असा. आणि केसच्या खिशात, आतल्या कप्प्यात नीट बघ, त्या काळच्या जपानी गिटारचा व्हायब्रेटोचा दांडा बहुतेक वेळा काढून तिथेच टाकलेला असतो, तो हरवला तर त्या आट्यांचा दुसरा मिळत नाही. फोटो आले की स्विचांचं वायरिंग कसं सोडवायचं ते सांगतो.